बिनयंत्राचं बर्फाचं मैदान

सिमल्यात आइस स्केटिंग सुरू झालं ते टेनिसच्या कोर्टावर. 1920 सालची गोष्ट. ब्लेसिंग्टन नावाच्या आयरिश गृहस्थाच्या लक्षात आलं, की रात्री घराबाहेर राहिलेलं बादलीतलं पाणी सकाळी गोठून घट्ट झालेलं असतं. मग हेच पाणी कोर्टावर पसरून ठेवलं तर? त्याने ते करून पाहिलं आणि जमलं, असं सिमल्यात सांगतात. लक्कड बाजाराच्या खाली, रिवोली बसस्थानकाजवळचं रिंक ते हेच.

सिमला वसला तो उन्हाळ्यासाठी. 1864 साली व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने त्याला उन्हाळी राजधानी केलं, 1903 साली काल्क्याहून रेल्वे आली. पण थंडी सुरू होण्याआधी सरकार दप्तरं बांधून मैदानात उतरायचं, आधी कलकत्त्याला आणि नंतर दिल्लीला. मागे राहायचे ते दुकानदार, कारकून, हमाल आणि बारमाही वस्तीला असलेली थोडी कुटुंबं. ज्या महिन्यांत गावात करण्यासारखं काही नव्हतं, त्या महिन्यांना या रिंकने स्वतःचा खेळ दिला. मला या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

या रिंकखाली गोठवणारी यंत्रं नाहीत. जमीन सपाट करून घेतात आणि संध्याकाळनंतर तिच्यावर पाण्याचा पातळ थर शिंपडतात. तो धरला की दुसरा, मग तिसरा. एकदम भरपूर पाणी ओतून भागत नाही. वर पापुद्रा धरतो, खाली पाणी तसंच राहतं आणि पाय पडला की पापुद्रा तडकतो. जागाही नेमकी आहे. रिज नावाच्या डोंगरधारेच्या उत्तर उतारावर असल्याने हिवाळ्यातलं खाली कललेलं ऊन डोंगराआड अडतं. तरी दुपारी पृष्ठभाग मऊ पडतोच, म्हणून खेळ सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी.

थंडी असली की बर्फ झालाच, असं मात्र नाही. आकाश निरभ्र लागतं. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत असते. ढग असतील तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात, अंगावर घेतलेल्या गोधडीसारखे. ढग नसले, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, की जमिनीलगतचा थर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हिमवर्षाव तर रिंकचा वैरीच. ज्या बर्फासाठी पर्यटक देव पाण्यात घालून बसतात, तो पडला की स्केटिंग बंद! आधी फावड्यांनी मैदान मोकळं करायचं आणि मग पुन्हा स्वच्छ रात्रीची वाट पाहायची.

हे तंत्र ब्लेसिंग्टनपेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि त्याची एक जुनी नोंद हिमालयातली नाही, गंगेच्या मैदानातली आहे. रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची रीत लिहून ठेवली. मोकळ्या माळावर सुमारे 30 फूट लांबरुंद आणि 2 फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं जाड पसरायची, म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही. त्यावर बिनझिलईच्या उथळ मातीच्या थाळ्या ओळीने मांडायच्या आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून निवालेलं पाणी भरायचं. सूर्य उगवायच्या आत माणसं येऊन बर्फ गोळा करायची. त्या भागात डबक्यात किंवा हौदात आपोआप बर्फ झालेला बार्करने कधी पाहिला नव्हता, तरी थाळ्यांत तो होत होता. यामागचं कारण विल्यम वेल्सने 1814 साली दवावरच्या निबंधात उलगडलं: पाणी गोठतं ते मुख्यतः बाष्पीभवनाने नव्हे, तर निरभ्र आकाशाकडे उष्णता निघून गेल्यामुळे. थाळ्या मांडणाऱ्या कारागिरांना हा सिद्धान्त कुणी शिकवला नव्हता. कुठल्या रात्री मेहनत फळाला येईल, ते त्यांना आकाशाकडे पाहून कळत होतं. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर धरतो. त्याच पहाटे गावातला तापमापक मात्र शून्याच्या बराच वर असतो आणि लोक बातमीवर शंका घेतात. शंकेचं कारण नाही. तिथेही निरभ्र आकाशाखाली जमिनीलगतचा थर हवेपेक्षा गार होतो.

पूर्वी सिमल्यात स्केटिंग आहे की नाही, हे फुग्यावरून कळायचं. नगरपालिकेच्या इमारतीवर लाल फुगा चढला, की बर्फ धरलाय असं समजायचं आणि पोरं स्केट्स घेऊन उताराला लागायची. हंगामात वेषभूषेचे आणि शर्यतींचे मेळावे रंगायचे, त्यांना जिमखाने म्हणत. ब्रिटिश गेले तरी रिंक चालवणारा स्केटिंग क्लब थांबला नाही. स्थानिक कुटुंबांनी तो चालवला, आणि तिथं लहानपणी धडपडत शिकलेल्यांनी पुढच्या मुलांना शिकवलं.

अलीकडे हंगाम आक्रसतो आहे. हिवाळे उबदार होताहेत, रिंकभोवती इमारती आणि वाहनं वाढली आहेत, आणि वरून तापत नसलं तरी बाजूने ऊब येते. यंत्राने गोठवलेल्या बारमाही रिंकची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. खेळाडूंना सरावासाठी ते हवंच, त्यांची मागणी रास्त आहे. पण यंत्र आलं तरी मैदानाचा एखादा तुकडा जुन्या पद्धतीने, नुसत्या पाण्यावर आणि रात्रीवर राखावा, असं मला वाटतं. हे कसब जाणणारी माणसं अजून आहेत तोवरच.

जायचं असेल तर डिसेंबर अखेर ते जानेवारी धरा. स्केट्स रिंकवर भाड्याने मिळतात. मुक्कामाला एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा, कारण तिकीट काढून ढगांना थांबवता येत नाही. आदल्या रात्री चांदण्या लख्ख दिसल्या, तर सकाळी लवकर उठा.