डिक्कीतला पाना : दुचाकीच्या देखभालीचा एक इतिहास

भारतातल्या दुचाकींचा इतिहास लिहिताना कारखाने, परवाने, विक्रीचे आकडे आणि जाहिराती यांची नोंद होते. गाडी विकत घेतल्यावर पुढची वीस वर्षे ती चालू कोणी ठेवली आणि कशी, हा भाग मात्र सुटून जातो. जुन्या हस्तपुस्तिका चाळल्या की लक्षात येते की त्या मालकाला उद्देशूनच लिहिलेल्या असत. त्यांत आरे कसे आवळावेत, पॉइंटमधली फट किती ठेवावी, सिलिंडर हेड कोणत्या क्रमाने उघडावे, हे सारे असे. आजच्या पुस्तिकेत निम्म्या पानांवर 'अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधा' एवढेच उत्तर मिळते. या दोन पुस्तिकांच्या मधल्या काळात काय घडले, हा या लेखाचा विषय आहे.

१९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि लष्करासाठी आलेली बुलेट इथे जोडली जाऊ लागली. त्याच दशकात मुंबईत भांडुपला एपीआय कंपनी लॅम्ब्रेटा काढू लागली. साठच्या दशकारंभी म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि आकुर्डीची बजाज-व्हेस्पा आली. उत्पादन किती करायचे ते सरकारी परवान्यावर ठरे, त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी गाड्या मोजक्याच निघत. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. इतकी वाट पाहून मिळालेली वस्तू कोणी पाच वर्षांत बदलत नाही. देखभाल ही त्या काळी हौस नव्हती, गरज होती. 'जुनी माणसं गाडीला जीव लावायची' असे आपण कौतुकाने म्हणतो, पण त्या जिव्हाळ्यामागे टंचाईचा मोठा हात होता.

टंचाईइतकाच वाटा इंजिनाचाही होता. लॅम्ब्रेटा, व्हेस्पा, जावा, राजदूत ही सगळी टू-स्ट्रोक इंजिने. त्यांत वंगणासाठी वेगळी टाकी नसे; तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. दोन टक्के म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर, पाच लिटरला शंभर. पेट्रोलपंपावर हाताने फिरवायच्या छोट्या तेलयंत्रासमोर उभे राहून हा हिशेब लाखो लोकांनी तोंडी केला आहे. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला चिकटून गाडी 'सीझ' होई. जास्त झाले तर धूर, प्लगवर ओली काजळी आणि सायलेन्सरमध्ये कार्बनचा थर. म्हणूनच प्लगपाना आणि एक जादा प्लग यांच्याशिवाय घरातून निघणारा स्कूटरवाला क्वचितच भेटे. रस्त्याच्या कडेला प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, इलेक्ट्रोडमधली सुमारे अर्धा-पाऊण मिलिमीटरची फट डोळ्यांनीच जोखायची आणि पुन्हा बसवायचा. प्लगचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती ओळखणे ही खरीखुरी निदानविद्या होती. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर इंजिन नको इतके तापते आहे.

त्याहून मोठे काम कार्बन काढण्याचे. गाडी चढावर दबू लागली की हेड उघडायचे, पिस्टनच्या डोक्यावरचा आणि धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशी साचलेला थर खरवडायचा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, म्हणून खरवडायला लाकडाची चीप घ्यायची, पोलादी हत्यार नाही. जावा-येझदीच्या सायलेन्सरमधली आतली नळी ओढून काढता येई. ती जाळून साफ करणे हा रविवारचा उद्योग, आणि तो वास वाड्यातल्या सगळ्यांना सोसावा लागे. व्हेस्पाला चेन नव्हती, इंजिनाची ताकद गिअरमधून थेट मागच्या चाकाला मिळे. तेवढी एक कटकट इटालियन रचनाकारांनी आधीच संपवली होती. पण तिचे पॉइंट फ्लायव्हीलच्या आड. फ्लायव्हीलच्या खिडकीतून फीलर गेज घालून ते लावणे हे ज्याला जमे, त्याला गल्लीत मान असे.

बुलेट फोर-स्ट्रोक असल्याने तिचा स्वभाव वेगळा. तिच्या जुन्या नमुन्यात टॅपेट लावायला फीलर गेजही लागत नसे. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, असा तो नियम. सुरू करण्याचीही पद्धत ठरलेली. अँपमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मगच पूर्ण किक मारायची. ही पायरी चुकवणाऱ्याला किक उलटी बसे. देखभालीचे हे ज्ञान पुस्तकातून कमी आणि बोटांतून जास्त मिळत होते, याचे बुलेटइतके चांगले उदाहरण नाही.

ऐंशीच्या दशकात परवान्यांची पकड सैल झाली, जपानी कंपन्यांशी करार होऊ लागले आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या जाहिरातीचा आशय एवढाच होता : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. माझ्या मते भारतीय दुचाकीच्या इतिहासात या वाक्याइतका बदल दुसऱ्या कशानेच झाला नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे पॉइंट गेले, पेट्रोलात तेल मिसळणे गेले, आणि चेन पूर्ण झाकणात बंद झाली. घरातल्या पुरुषाच्या हाताला काळे लागेनासे झाले.

पण 'विसरून जा' हे वाक्य यंत्राच्या दृष्टीने खरे नव्हते. टू-स्ट्रोकमध्ये तेल जळून जाई, म्हणजे प्रत्येक टाकीबरोबर इंजिनाला ताजे तेल मिळे. फोर-स्ट्रोकमध्ये तेच पाऊण-एक लिटर तेल हजारो किलोमीटर आतल्या आत फिरत राहते, काळे पडते, थोडे जळून कमीही होते, आणि हे सगळे निमूटपणे. प्लग काजळला की गाडी तिथल्या तिथे बंद पडून मालकाला सांगत असे. तेल संपत आले की ती काहीच सांगत नाही. कॅम घासला जातो, वरून खडखड येऊ लागते, आणि तेव्हा वेळ गेलेली असते. बिघाड दिसण्याजोगा राहिला नाही, म्हणून देखभाल कॅलेंडरवर गेली. डिपस्टिक पुसून, ती न आवळता तेलाची पातळी पाहणे हे दोन मिनिटांचे काम, पण ते करणारे मालक कमी होत गेले. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालण्याची चाल राहिली. खंडेनवमीला पूजेत मांडायची हत्यारे मात्र अनेक घरांतून नाहीशी झाली.

या काळात ज्ञान नाहीसे झाले नाही, ते हलले. घरातून ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचा चोर बाजार इथल्या सुट्या भागांच्या दुकानांवर उभी राहिलेली गॅरेजे ही एक मोठी समांतर शिक्षणसंस्थाच होती. तिथे पोऱ्या म्हणून लागलेला मुलगा आधी बोल्ट धुवायचा, मग चेन, मग कार्बोरेटर. त्याच्या शिक्षणाची कुठे नोंद नाही, प्रमाणपत्र नाही. त्याच्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कोवळ्या वयात रॉकेलमध्ये हात घालून उभे राहावे लागणे ही चांगली गोष्ट नव्हती.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक लागू झाले. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन, सेन्सर आणि संगणक आले. हवेच्या दृष्टीने हे आवश्यक होते. टू-स्ट्रोकचा निळा धूर ज्यांनी चौकात गिळला आहे, ते त्याची आठवण काढून हळहळणार नाहीत. पण प्लगचा रंग पाहून निदान करण्याच्या जागी आता काट्यांच्या शेजारचा पिवळा दिवा आला आणि त्याचा अर्थ लावायला कंपनीचा स्कॅनर लागतो. मिस्त्रीकडे तो नेहमीच असतो असे नाही. घरातून मिस्त्रीकडे गेलेले ज्ञान आता मिस्त्रीकडूनही निघाले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिने निवडलेल्या क्षेत्रांत वाहनेही आहेत. पुढे त्यासाठी एक पोर्टलही झाले. मात्र माहिती जाहीर करणे आणि हत्यार हातात देणे यांत अंतर आहे, आणि छोट्या गॅरेजांचे भवितव्य त्या अंतरावर अवलंबून आहे.

मालकाच्या वाट्याला आज उरले आहे ते थोडके : चेनला बोटभर ढील ठेवणे, ती रॉकेलने धुऊन नव्वद नंबरचे तेल लावणे (पेट्रोलने धुतल्यास आतली रबरी कडी खराब होतात), टायरची हवा थंड असताना पाहणे, क्लचच्या केबलला थोडा सैलपणा ठेवणे. ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' लिहिले आहे का ते पाहणे, कारण बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या तेलाने तो घसरू शकतो.

२०२२ च्या जूनमध्ये आकुर्डीला, जिथे जुनी चेतक बनत असे त्याच आवारात, विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. या चेतकला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, पेट्रोलात मिसळायचे तेल नाही, आणि सुरू करण्यासाठी तिरकी करावी लागत नाही. टायरमध्ये हवा मात्र अजून भरावी लागते.