राणी लक्ष्मीबाई राजवाडे आणि स्त्रियांचा मताधिकार

शिंदे की छावनीतून फुलबागेकडे जाणाऱ्या परगावच्या पाहुण्यास झाशीच्या राणीची समाधी दाखविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो उचितच आहे. परंतु ग्वाल्हेरशी जिचे नाव जोडले गेले अशी आणखी एक राणी लक्ष्मीबाई होऊन गेली. तिचे शस्त्र तलवार नव्हे, तर निवेदने, ठराव आणि मसुदे हे होते. आणि अशा शस्त्रांचे पोवाडे होत नसतात, म्हणूनच की काय, तिचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

लक्ष्मीबाई राजवाडे यांचा जन्म १८८७ चा. त्या माहेरच्या जोशी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यातील मेजर-जनरल राजवाडे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. वैद्यकाची दृष्टी त्यांच्या सार्वजनिक कार्यातही दिसून येते. संततिनियमनाचा विषय उच्चारणेही जेव्हा अशिष्ट मानले जाई, त्या काळी अखिल भारतीय महिला परिषदेपुढे तो आग्रहाने मांडणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या. १९३२ साली लखनौच्या अधिवेशनात परिषदेने त्याला अनुकूल ठराव केला. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय मताधिकार हा आहे.

या मागणीचा आरंभ डिसेंबर १९१७ मधील. मद्रासेस सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. रमाबाई रानडे यांच्यासारख्यांच्या खटपटीने १९२१ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मत मिळाले खरे, पण मताला मालमत्तेची अट होती, आणि मालमत्ता तर पुरुषांच्या नावावर. परिणामी वीस पुरुष मतदारांमागे एक स्त्री मतदार, असे प्रमाण देशात पडले.

यावर उपाय कोणता, याविषयी स्त्रियांतच दोन पक्ष पडले. मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, राखीव जागा मागाव्या, असे राधाबाई सुब्बरायन प्रभृतींचे मत होते. महिला परिषदेची भूमिका निराळी. १९२७ साली पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात भरलेली ही परिषद मूळची केवळ शिक्षणासाठी होती, राजकारणापासून ती कटाक्षाने दूर राही. परंतु १९३१ साली तिने अन्य दोन महिला संस्थांसह संयुक्त निवेदन काढले. त्यातील मागणी अशी: प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत, आणि स्त्रियांसाठी राखीव जागा वा स्वतंत्र मतदारसंघ नको. परिषदेच्या कार्यकर्त्यांत लक्ष्मीबाई या भूमिकेच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या.

पुढील वर्षी लोथियन समितीने तोडगा सुचविला की, मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या पुरुषाच्या पत्नीलाही मत द्यावे. वरवर पाहता यात उदारपणाच दिसतो. मतदार स्त्रियांची संख्या त्याने कितीतरी वाढणार होती. तरीही परिषदेने विरोध केला. साक्षरतेची अट तात्पुरती चालेल, शहरांतून प्रौढ मताधिकाराने आरंभ झाला तरी चालेल, पण पत्नीत्वावरून मत नको. कारण असे मत नागरिकाचे नसते, ते पतीच्या मालमत्तेची सावली असते. व्यवहारज्ञ मंडळींना हा हट्ट वाटला. केवळ संख्येचा हिशेब केला तर तो हट्ट होताही. परंतु तत्त्व त्यांचेच बरोबर होते, असे आमचे मत आहे. १९३५ च्या कायद्याने अखेर पत्नीत्वाची अट घातलीच. सुमारे साठ लक्ष स्त्रिया मतदार झाल्या, प्रमाण एकास पाच झाले आणि प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांना ४१ जागा जातवार विभागून देण्यात आल्या.

एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. हा सारा कायदा ब्रिटिश मुलखातील मतदारांचा. संस्थानी प्रजेस त्याने मत दिले नाही; संघराज्याच्या योजनेतही संस्थानांचे प्रतिनिधी संस्थानिकांनीच नेमावयाचे होते. म्हणजे ज्या हक्कासाठी या बाई झगडल्या, तो मिळता तरी ग्वाल्हेरची रहिवासी म्हणून त्यांच्या स्वतःच्या वाट्याला येणार नव्हता!

डिसेंबर १९३८ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुढच्या वर्षी जवाहरलाल नेहरूंच्या राष्ट्रीय नियोजन समितीने स्त्रियांविषयी एक उपसमिती नेमली, तिच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई आणि चिटणीस मृदुला साराभाई. तिचा अहवाल १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घरकामाला आर्थिक मोल आहे, समान कामास समान वेतन हवे, मालमत्तेत स्त्रीला हक्क हवा, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. आणि स्त्री ही कुटुंबाचा केवळ भाग नसून स्वतंत्र व्यक्ती आहे, हे त्याचे मूळ सूत्र. मताधिकाराच्या वादातील तत्त्वच येथे अर्थकारणात उतरले आहे. शिक्षकांनी हा अहवाल अवश्य चाळावा. भाषा रुक्ष आहे, पण विचार आजही शिळा झालेला नाही.

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील स्त्रियांना मताचा हक्क लाभला. त्या वेळी मतदारयाद्या करणाऱ्यांपुढे निराळीच अडचण उभी राहिली. असंख्य स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद स्वीकारण्यास नकार दिला. बिहारला महिनाभराची जादा मुदत देऊन पाहिली. तरीही देशभरात सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, आणि ज्या मोजक्या प्रांतांतून ती अधिक गळली, त्यांत मध्य भारतही होता.