बांधकाम शिक्षणातील आपलेपणा

आपलेपणा म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात मुली, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुले यांना ‘ही जागा आपलीही आहे’ असे वाटणे.

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर येथील महाविद्यालयांमुळे अभियांत्रिकी खेड्यांजवळ आली. आरक्षण, राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीची स्वाधार योजना आणि २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना शुल्कमाफी, यांनी दार उघडले. आत गेल्यावरची परीक्षा वेगळी. सर्वेक्षणाच्या तासाला लेव्हल या उंची मोजण्याच्या यंत्राच्या दुर्बिणीला डोळा कोण लावतो आणि फील्डबुकात आकडे उतरवत कोण बसते? साइटवर स्वच्छतागृह नसेल, तर मुलगी दिवसभर पाणी पिणेच टाळते.

या क्षेत्रात घरचा आधार किती मोलाचा, हे शकुंतला भगत यांच्या वाटचालीत दिसते. त्यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेतून पदवी घेतली. त्या देशातील सुरुवातीच्या महिला स्थापत्य अभियंत्यांपैकी एक. पुढे पती अनिरुद्ध यांच्यासह त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ पूलपद्धती विकसित केली. त्यांचे वडील एस. बी. जोशी स्वतः पूल-अभियंते होते, म्हणजे या व्यवसायाची भाषा घरातच होती.

पण याच जिल्ह्यातील पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबातील मुलीला ती भाषा वसतिगृहातल्या मोठ्या ताईकडून आणि प्रयोगशाळेत यंत्र हाती देणाऱ्या शिक्षकाकडूनच मिळू शकते.