टायरवरच्या आकड्याची कुळकथा

साध्या काळ्या सायकलचे टायर एकदा निरखून पाहावे. अंधेरीतल्या पाववाल्याची सायकल असो की मुलुंडच्या वॉचमनची, रबरावर 28 × 1½ असे उमटवलेले दिसते. पहिला आकडा हवा भरलेल्या टायरची बाहेरून बाहेर उंची, दुसरा त्याची जाडी, दोन्ही इंचांत. रिमचा व्यास त्यात कुठेच नाही. तो आपण काढायचा: अठ्ठावीसमधून वरचे दीड आणि खालचे दीड वजा केले की पंचवीस. मोटारीच्या टायरचे मूळ नाव याच पद्धतीचे होते. आज कोणी जुन्या घाटाची रेसकार बांधायला घेतली, लांब बॉनेट, उघडी चाके, मागे निमुळती शेपटी असलेली, तर त्याने टायर निवडताना याच जुन्या रीतीने उंचीपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. आधी उंची, मग रिम, रुंदी सगळ्यात शेवटी.

जॉन बॉइड डनलॉपने 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते सायकलसाठी. मोटारीने टायरही घेतले आणि त्याचे नाव ठेवण्याची रीतही घेतली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढे 30 × 3 आणि मागे 30 × 3½ अशी टायरे असत. युरोपात हेच मिलिमीटरमध्ये लिहीत: 710 × 90, 815 × 105. घोडागाडीचे चाक बनवणाऱ्या कारागिराला चाकाची उंचीच विचारली जायची, आणि तीच सवय पुढे आली. त्या काळी टायर इतके बारीक आणि हवा इतकी कडक असे की उंचीवरून बाकीचे बरेचसे कळायचे.

जुन्या रेसकारचे चित्र आपल्या मनात असते ते बहुतेक वेळा बुगाटी टाइप 35 चे. ऑगस्ट 1924 मध्ये लियों येथील फ्रेंच ग्रांप्रीत ती पहिल्यांदा धावली. आठ चपट्या आऱ्यांची अॅल्युमिनियमची चाके, त्यांवर बारीक टायर. गाडी देखणी होती, वेगवानही होती, पण त्या शर्यतीत टायरांनी दगा दिला. त्यांचे रबर नीट पक्के झालेले नव्हते आणि वेगात वरचा थर सुटून येऊ लागला. चाक आणि टायर हा गाडीचा वेगळा भाग नाही, ही गोष्ट इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या गाडीने क्वचितच दाखवली असेल.

त्याच सुमारास टायरच्या नावाची उलटापालट होत होती. 1923 मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने ‘बलून’ टायर आणले: जाडजूड, कमी हवेचे, मऊ. 1925 च्या इंडियानापोलिस शर्यतीत पीटर डी पाओलोने असल्याच टायरांवर सरासरी ताशी 101 मैलांचा वेग गाठला आणि तिथे सरासरी शंभरीपार जाणारा तो पहिला ठरला. आता टायर फुगीर झाल्यावर नेमकी बाहेरची उंची सांगून उपयोग नव्हता, ती हवेप्रमाणे आणि बनावटीप्रमाणे कमीजास्त व्हायची. रिम मात्र अचूक जुळायलाच हवी. म्हणून नव्या नावात आधी रुंदी आणि मग रिमचा व्यास आला: 4.40-21. पुढच्या तीसेक वर्षांत रिम एकवीसवरून एकोणीस, सोळा, पंधरा, चौदा अशी लहान होत गेली. साध्या मोटारीच्या टायरच्या नावातून बाहेरची उंची गेली.

आपल्या मुंबईच्या उपनगरांत रुंदी-रिमचा हा आकडा आला तो लाल बहादूर शास्त्री मार्गाने. जुन्या माणसांसाठी तो आग्रा रोड. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे 1950 च्या दशकापासून फियाट बनू लागली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. त्याच रस्त्याने घाटकोपर, विक्रोळी मागे टाकून भांडुपला आले की सिएट. ही कंपनी 1924 सालची, इटलीतल्या ट्यूरिनची. भारतात ती 1958 मध्ये स्थापन झाली. फियाटही ट्यूरिनचीच. एका इटालियन शहरातली मोटार आणि टायर आपल्या एकाच रस्त्यावर, काही मैलांच्या अंतराने येऊन वसले, याचे मला अजून नवल वाटते. भांडुपलाच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात मिलानची लॅम्ब्रेटा तयार व्हायची, तिचे 3.50-10 हे टायर स्कूटरवाल्यांना पाठ असे. पद्मिनीचे 5.20-14, अॅम्बेसेडरचे 5.90-15, महिंद्राच्या जीपचे 6.00-16. पंक्चरवाल्याला गाडी सांगायची गरजच नसे, आकडा पुरे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगतो. मिशेलिनने 1946 मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. भारतात 1977 मध्ये जेके टायरने रेडियल आणले. रुंदी मिलिमीटरमध्ये गेली, रिम इंचातच राहिली. बाजूची भिंत ठेंगणी होत गेल्यावर तिसरा आकडा लागला, रुंदीच्या किती टक्के उंची हे सांगणारा. मारुती 800 चे 145/70 R12 असे वाचायचे: 145 च्या सत्तर टक्के म्हणजे साधारण 101 मिलिमीटर, तो दुप्पट करून बारा इंचांच्या रिममध्ये मिळवला की बाहेरची उंची जेमतेम वीस इंच. जुन्या नावात सरळ लिहिलेली उंची आता गुणाकार-बेरीज करून काढायची.

आता प्रत्यक्ष गाडी. मुंबईत जुन्या घाटाची रेसकार बांधणाऱ्याने पद्मिनीचे 1089 सीसी इंजिन घेतले तर ते अस्सल घराण्यातले आहे. फियाट 1100 च्या याच जातीच्या इंजिनावर 1946 मध्ये दान्ते जाकोसाने चिसितालिया डी 46 ही छोटी रेसकार आखली होती. मग चाके कोणती? 5.20-14 ठेवले तर बाहेरची उंची साडेतेवीस इंचांच्या आसपास. इंजिनाला सोयीचे, पण उघड्या चाकांची गाडी बसकी दिसते. मोह होतो जीपच्या 6.00-16 चा: बारीक, उंच, चित्रातल्यासारखे, सुमारे साडेअठ्ठावीस इंच. इथे गणित करावे. उंची एकवीस टक्क्यांनी वाढली. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी एकवीस टक्के पुढे जाईल, पण चाकाशी ओढ साडेसतरा टक्क्यांनी घटेल. एवढ्याशा इंजिनाला टॉप गिअर जड होईल. ब्रेकचेही तेच: ड्रम तोच, चाक मोठे, म्हणजे जमिनीवर ब्रेकचा जोर तेवढाच कमी. शिवाय जीपचे टायर माल वाहण्यासाठी आहे, जड आणि ताठ. वेगात वळणावर टेकण्यासाठी ते नाही.

मधला मार्ग 5.90-15 चा, सुमारे सव्वीस इंच. वाढ अकरा टक्क्यांच्या जवळपास, इंजिनाला पेलणारी, आणि दिसायला गाडी ताठ उभी राहते. अॅम्बेसेडरच्या चाकाच्या डिस्कची भोके फियाटला जुळत नाहीत, तेव्हा डिस्क नवी बनवून घ्यावी लागते. अॅडॅप्टर लावून काम भागवू नये. मी या आकाराच्या बाजूने आहे.

रुंदीचा हव्यास मात्र टाळावा. रुंद रेडियल बसवले की वळणावर पकड वाढते आणि तो सगळा जोर जुन्या स्टब अॅक्सलवर, बेअरिंगवर, आऱ्यांवर येतो. ते भाग त्या जोरासाठी घडवलेलेच नव्हते. आपले टायरवाले ज्याला नायलॉन म्हणतात ते आडव्या-तिडव्या धाग्यांचे टायर हळूहळू घसरते, चालकाला आधी कळते आणि स्टिअरिंगने गाडी सावरता येते. कधीकाळी जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत. धावपट्टीवरचा ट्रॅक म्हणजे लांब सरळ पट्टा आणि टोकाला घट्ट वळण. तिथे ही आधी मिळणारी सूचना फार मोलाची. एकाच अॅक्सलवर नायलॉन आणि रेडियल कधीही मिसळू नयेत. दोन्ही वापरायचीच वेळ आली तर रेडियल मागे, नाहीतर गाडीची शेपटी आधी सुटते.

टायर घेताना आकाराच्या शेजारचे वेगाचे अक्षरही वाचावे. P म्हणजे ताशी 150 किलोमीटर, S म्हणजे 180. टायरच्या बाजूवरच्या संकेतांकातले शेवटचे चार अंक ते तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2310 दिसले तर ते 2010 च्या तेविसाव्या आठवड्याचे. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने रबर कडक झालेले असते, ते शर्यतीला लावू नये. आणि गाडीच्या नोंदीत असलेली रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, म्हणून अशी गाडी बंद ट्रॅकवर चालवायची हे आधीच ठरवून तिची चाके निवडावीत.