परीक्षा नसलेला वर्ग

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना बाळंतपणाच्या गोष्टी कशाला काढायच्या, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण आमच्या घरी यंदा भाद्रपदापासून दुसरा विषयच नव्हता. माझी भाची सातव्या महिन्यात पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिच्या पिशवीतून दुपट्या-टोपड्यांच्या आधी निघाली ती चार वर्गांची चार माहितीपत्रके. पहिला वर्ग औषधावाचून, निसर्गाच्या वाटेने बाळंत होण्याचा. दुसरा नवरा-बायकोने मिळून श्वासोच्छ्वास शिकण्याचा. तिसरा गर्भसंस्कारांचा, त्याच्या कागदावर तेजस्वी बाळाचे चित्र होते आणि फीही तशीच तेजस्वी होती. चौथा, जिथे तिचे नाव घातले होते त्या दवाखान्याचाच, दोन रविवारांचा आणि फुकट.

"मावशी, तू शिकवतेस ना शाळेत? मग यांतला कुठला वर्ग चांगला ते तूच सांग," ती म्हणाली.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. बालवाडीत पोरे सांभाळावी, सुट्टीत कादंबरीची पाने खरडावी, एवढा माझा व्याप. वैद्यक मला कुठले कळायला! पण शाळेत इतकी वर्षे काढल्यामुळे एक मात्र कळते. कोणतीही शाळा जोखायची तर ती कोणी काढली आणि कोणते दुःख पाहून काढली, हे आधी विचारावे. म्हणून गावच्या वाचनालयातून आणि एका डॉक्टरीणबाईंकडून पुस्तके आणली, शब्दकोश उशाशी घेतला आणि या वर्गांचे कुळ शोधायला बसले. जे सापडले ते इतके मौजेचे निघाले, की ते एकट्या भाचीला सांगून भागेना.

पहिली मौज अशी, की हा वाद आजचा नाहीच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न कंटाळणाऱ्या बायका तिथे गर्भिणीभोवती असाव्यात आणि त्यांनी तिला धीर द्यावा, असे त्यात सांगितले आहे. कळा सुरू झालेल्या बाईच्या हाती मुसळ देऊन तिला उखळात धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत होते. ग्रंथात ते मत मांडले आहे आणि लगेच खोडलेही आहे. गर्भिणीला कठीण श्रम केव्हाही वर्ज्य. मग ऐन त्या वेळी मुसळ कसले? तिने हिंडावे-फिरावे, इतके पुरे, असा आत्रेयांचा निर्वाळा आहे. पुढे तर आजच्या वर्गातलाच धडा येतो. कळ आली नसताना जोर करू नको, असे प्रिय बाईने तिला समजावून सांगावे. शिंक आलेली नसताना कितीही प्रयत्न केला तरी ती येत नाही. तसाच हा अवेळी केलेला जोर व्यर्थ जातो, वर अपायही करतो.

हे जुने ज्ञान अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे मांडणारी बाई आपलीच होती. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. ते दुःख उरी धरून त्या समुद्रापार गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. ते ज्ञान वर्गात बसून शिकवायला त्यांना आयुष्यच मिळाले नाही. नंतर आपल्या देशात वर्ग निघाले, पण ते सुईणींसाठी. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा निधी उभा राहिला, तो दायांना शिकवण्यासाठीच. आईलाही काही सांगावे, तिलाही बाकावर बसवावे, हे बराच काळ कोणाच्या मनात आले नाही.

तिकडे युरोपात तर उलटाच प्रवाह होता. आईला काही कळूच नये, यातच तिचे सुख आहे असे ठरले होते. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात तो हुंगला आणि मग कुणाची बोलण्याची प्राज्ञा राहिली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावी दोन औषधे टोचून बाईला अर्धवट झोपेत ठेवण्याची रीत निघाली. १९१४ साली अमेरिकेतल्या सुशिक्षित बायकांनी ती रीत आपल्या देशात यावी म्हणून चळवळ केली, सभा घेतल्या. या औषधाने वेदना जात नसे, वेदनेची आठवण जाई. बाई ओरडे, हातपाय झाडी. सकाळी मात्र तिला काही आठवत नसे. त्या बायकांना हसू नये. प्रत्येक बाळंतपणाला मरणाच्या दारातून जावे लागे, अशा काळात त्यांनी झोप मागितली, यात नवल ते काय?

या झोपेतून बाईला जागे करणारा पहिला मोठा आवाज इंग्लंडातून उठला. ग्रँट्ली डिक-रीड हा तरुण डॉक्टर लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत एका रात्री बाळंतपणाला गेला. फुटक्या खिडकीतून पाऊस आत येत होता, बाटलीत खोवलेल्या मेणबत्तीचा तेवढा उजेड. त्याने क्लोरोफॉर्म पुढे केला, तर बाईने नको म्हटले आणि ती शांतपणे बाळंत झाली. नंतर कारण विचारले, तेव्हा ती संकोचून म्हणाली, की दुखले नाही. आणि दुखायचे नसतेच ना, असे उलट तिनेच विचारले. डॉक्टरच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. त्यावर विचार करून त्याने १९३३ साली पुस्तक लिहिले. भीतीने अंग आखडते, आखडल्याने वेदना वाढते, वेदनेने भीती आणखी वाढते. हे चक्र ज्ञानाने आणि अंग सैल सोडण्याच्या सरावाने तोडावे, असे त्याचे सांगणे. यात तथ्य पुष्कळ होते. पण रानटी समाजातल्या बायका सहज बाळंत होतात, असेही तो मानी. आमच्या खेड्यापाड्यांतल्या कोणत्याही सुईणीने त्याला हे मत बदलायला लावले असते.

दुसरा आवाज उठला सोव्हिएत संघात. महायुद्धाने देश उद्ध्वस्त झालेला, भूल देणारी औषधे आणि ती देणारे हात दोन्ही अपुरे. अशा वेळी खारकोव्हच्या वेल्व्होव्स्की या मानसोपचार-वैद्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पाव्हलॉव्हच्या सिद्धांताचा आधार घेतला. कळ म्हणजे वेदना, ही गाठ लहानपणापासून ऐकून मनात बसलेली असते. ती शिकवून सोडवता येईल, असे ते म्हणत. १९५१ साली पॅरिसचे डॉक्टर फेर्नां लामाझ रशियात गेले. साठीला आलेला, हजारो बाळंतपणे केलेला माणूस. पण लेनिनग्राडमध्ये एक बाई शांतपणे बाळंत होताना पाहिली आणि विद्यार्थ्यासारखा भारावून परतला. १९५२ पासून पॅरिसमध्ये, धातुकामगारांच्या संघटनेने चालवलेल्या दवाखान्यात, त्यांनी वर्ग सुरू केले. शरीराची रचना, कळांचा क्रम, श्वासाची लय असे सगळे तिथे शिकवीत. हे सारे कम्युनिस्टांकडून आलेले, आणि बायबलात तर स्त्रीने वेदनेने प्रसवावे असे म्हटलेले; म्हणून पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे भाषण करून या पद्धतीत धर्मबाह्य काही नाही, असे सांगितले, आणि तो प्रश्न मिटला.

इथवर वाचून मी लामाझसाहेबांच्या प्रेमातच पडले होते. मग एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. हे गृहस्थ बाळंत झालेल्या बायकांना श्रेणी देत! वरची श्रेणी 'उत्तम', खालची 'पूर्ण अपयश'. कसोटी काय, तर बाई किती तळमळली आणि किती ओरडली. जी नापास झाली, तिच्या मनातच शंका होती किंवा तिचा सराव कमी पडला, असा निकाल.

आता थोडे माझे सांगते. वीस वर्षांपूर्वी मी एका दवाखान्यात बाळंत झाले. कुणी काही शिकवलेले नव्हते. कळांनी जीव जाऊ लागला, तेव्हा मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले. तिथली बाई माझ्यावर खेकसली, की बाकीच्या नाही होत बाळंत? तूच एकटी जगावेगळी? मुलगा झाला, गुटगुटीत झाला, घरी पेढे वाटले. पण त्या रात्री मी नापास झाले, ही बोच मनात राहिली ती राहिलीच. घरात कोणाजवळ बोलले नाही, आईजवळसुद्धा नाही. पॅरिसमधल्या त्या श्रेणी वाचल्या आणि प्रथमच मनात आले, की ज्या बाईला 'पूर्ण अपयश' मिळाले, तिच्याही मांडीवर मूल होतेच की! मग अपयश ते कसले?

या वर्गांच्या पुढच्या इतिहासात मला याचे उत्तर सापडले. मार्जरी कार्मेल ही अमेरिकन बाई पॅरिसमध्ये लामाझकडे बाळंत झाली आणि १९५९ साली तिने आपला अनुभव पुस्तकरूपाने लिहिला. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये तिने आणि एलिझाबेथ बिंग हिने मिळून लामाझ पद्धतीची संस्था काढली. ही बिंगबाई जर्मनीत १९१४ साली जन्मलेली, नाझींच्या छळामुळे देशोधडीला लागलेली. व्यायामोपचार शिकून ती इंग्लंडमार्गे अमेरिकेत आली आणि आपल्या राहत्या घरातही वर्ग घेऊ लागली. बाप जिथे दाराबाहेर येरझारा घालीत असे, तिथे तो आत बायकोचा हात धरून बसू लागला, याचे पुष्कळ श्रेय अशा वर्गांना आहे. 'नैसर्गिक प्रसूती' हा शब्द बिंगबाईंना आवडत नसे. 'तयारीने केलेली प्रसूती' असे त्या म्हणत. आणि त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात? वेदना दडपणारी औषधे द्यावीच लागली. म्हणून त्यांनी वर्ग बंद केला नाही. पूर्ण शंभर वर्षे जगून २०१५ साली त्या गेल्या, तोवर हजारो आयांना त्यांनी धीर दिला होता.

आता तिसऱ्या वर्गाविषयी, कारण त्याचे मूळ आपल्याच घरातले. अभिमन्यूची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. गर्भातले बाळ शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकते आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखते, हे शास्त्रानेही दाखवले आहे. तेव्हा आईने प्रसन्न असावे, चांगले ऐकावे, बाळाशी बोलावे, यात गोडवाच आहे. पण अमुक फी भरून बुद्धिमान मूल होईल, याला पुरावा नाही. शिवाय त्या गोष्टीत एक खोच आहे. चक्रव्यूहातून बाहेर यायचे अभिमन्यूला का कळले नाही? तर सुभद्रेला झोप लागली म्हणून! सहा महारथींनी मिळून पोराला मारले, आणि दोष मात्र दमून झोपलेल्या आईकडे.

मग वर्गाचा उपयोग किती? अशा वर्गांवरच्या प्रयोगांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याजोगे फारसे हाती लागले नाही. मात्र दुसऱ्या एका गोष्टीबद्दल २०१७ सालचा आढावा स्पष्ट बोलतो. १७ देशांतले २६ प्रयोग आणि १५,००० हून अधिक बायका पाहिल्या, तर कळा सुरू असताना ज्यांच्याजवळ आधार द्यायला सतत कोणी होते, त्यांचे बाळंतपण थोडे लवकर आटोपले आणि शस्त्रक्रियेची गरजही कमी पडली. चरकातल्या त्या न कंटाळणाऱ्या बायका आठवतात ना? २०१६ साली आपल्या केंद्र सरकारनेही सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. आणि ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, असे म्हटले.

हे सगळे ऐकवून मी भाचीला म्हटले, "बाई गं, मी तुला वर्ग सांगत नाही, चार प्रश्न सांगते. ते विचार आणि तूच ठरव. शिकवणारीने स्वतः किती बाळंतपणे पाहिली आहेत? औषध घ्यावे लागले किंवा पोट फाडावे लागले तर काय, हेही शिकवतात का? बाळ घरी आल्यावरचे, म्हणजे अंगावर पाजायचे, रात्री जागायचे, बापाने काय करायचे, ते सांगतात का? आणि शेवटचा प्रश्न, ठरल्यासारखे काही झाले नाही, तर दोष कोणाच्या माथी?"

तिने चारही ठिकाणी फोन केले. आमच्याकडची एकही बाई शस्त्रक्रियेला जात नाही, असे एकाने अभिमानाने सांगितले. तो कागद तिने बाजूला ठेवला. शेवटी दवाखान्याचा तो दोन रविवारांचा फुकट वर्ग तिला पटला. तिथल्या वयस्क परिचारिकेने म्हणे पहिल्याच वाक्यात सांगितले, की ओरडावेसे वाटले तर खुशाल ओरडा, भिंती जाड आहेत.

तिथे सोबतीला एका बाईला राहू देतात. माझ्या बहिणीला रक्त पाहून घेरी येते, म्हणून भाचीने मला विचारले. मी आधी नाही म्हटले. मग त्या रात्री, वीस वर्षांत प्रथमच, माझ्या बाळंतपणाची सगळी हकिगत तिला सांगितली. तिने मुकाट्याने ऐकून घेतली आणि म्हणाली, "मग तर तूच हवीस."

तेव्हा गेल्या दोन रविवारी मी त्या वर्गात बाकावर बसून आले. आमच्या बालवाडीसारखाच तो वर्ग, गुण नाहीत, श्रेणी नाहीत. श्वास कसा सोडायचा, पाठ कुठे चोळायची, बाईला काय बोलायचे नाही, एवढे शिकले. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तिचे दिवस भरत आले असतील. एक पिशवी भरून दारामागे ठेवली आहे. फराळाचा एक डबाही त्यात आहे, रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी.