दात्रकोशिका रोग व कोशिका-आसंजन

दात्रकोशिका रोग व कोशिका-आसंजन : रक्तातील तांबड्या कोशिका दात्रासारख्या म्हणजे विळ्यासारख्या वाकड्या होणे, हे ज्याचे प्रमुख लक्षण आहे अशा आनुवंशिक रोगास दात्रकोशिका रोग म्हणतात. लोकांत तो ‘सिकलसेल’ या नावाने परिचित आहे. पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्ह्यात (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) तो गोंड व इतर समाजांत आढळतो. नागपूर भागातील त्याचे अस्तित्व आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये निदर्शनास आणले.

शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा कोशिकांचे वर्णन केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये रोगाचे मूळ हीमोग्लोबिनात असल्याचे दाखविले, तर व्हर्नॉन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन येते, एवढाच तो फरक असल्याचे सिद्ध केले. तथापि ऑक्सिजन गमावल्यावर कोशिका वाकडी होण्यास काही अवधी लागतो व तोवर ती केशवाहिनीतून बहुधा पार गेलेली असते. मग रक्तप्रवाह का अडतो आणि दोष एकच असता काही रुग्णांना वारंवार तीव्र वेदना का होतात, हे प्रश्न शिल्लक राहिले.

मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट हेबेल व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये त्यांचे एक उत्तर दिले. रुग्णांच्या तांबड्या कोशिका वाहिनीच्या अंतःस्तरास अधिक चिकटतात व हे आसंजन जितके अधिक तितकी रोगाची तीव्रता अधिक, असे त्यांना आढळले. चिकटलेल्या कोशिकांमुळे प्रवाह मंदावतो आणि मागून येणाऱ्या कोशिकांना वाकडे होण्यास अवधी मिळतो.

श्वेत कोशिकाही यात भाग घेतात. संसर्गाच्या जागी जाताना त्या सिलेक्टिन या प्रथिनांच्या साहाय्याने वाहिनीच्या भिंतीवर घरंगळतात, चिकटतात व भिंतीपलीकडे स्थलांतर करतात. अशा चिकटलेल्या श्वेत कोशिका तांबड्या कोशिकांना अडवून धरतात, असे पॉल फ्रेनेट व सहकाऱ्यांच्या उंदरांवरील प्रयोगांत २००२ मध्ये दिसून आले. शरीराच्या रक्षणाची यंत्रणाच येथे अपायकारक ठरते.

सिलेक्टिनरोधी क्रिझानलिझुमॅब या औषधास अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु पुढील चाचणीत लाभ सिद्ध न झाल्याने युरोपीय संघाने २०२३ मध्ये आपली परवानगी रद्द केली. हायड्रॉक्सियुरिया हे तोंडाने घ्यावयाचे जुने औषध गर्भीय हीमोग्लोबिन वाढविते, श्वेत कोशिकांची संख्या घटविते व आसंजनही कमी करते. त्यामुळे मोठ्या रुग्णालयांपासून दूर राहणाऱ्या रुग्णांस ते विशेष उपयुक्त आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी महत्त्वाची मानली जाते.