पर्मनंट, शेअर आणि पी.एफ.

माणसांना कामाला काय लावते याची वर्गवारी करण्याची व्यवस्थापनशास्त्राला मोठी हौस आहे. कोणी पैशासाठी राबतो, कोणी नावासाठी. कोणाला शाश्वती हवी, कोणाला आव्हान. ज्याचा जो पिंड तो ओळखा आणि तसे वागवा, असे मनुष्यबळ विभागाच्या प्रशिक्षणात शिकवतात. बंगळुरूचा गेल्या ऐंशी वर्षांचा औद्योगिक इतिहास पाहिला, की ही समजूत अपुरी वाटू लागते. माणूस कशासाठी झटेल हे त्याच्या पिंडापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरते: त्याच्या पदरात आधी काय पडले आहे, आणि मालकाचा कोणता शब्द पाळला जाईल असा त्याला भरवसा वाटतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत इथे विमानांचा कारखाना काढला. तीच पुढची एचएएल. स्वातंत्र्यानंतर आयटीआय (१९४८), एचएमटी (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या सरकारी कंपन्या आल्या. या कारखान्यांनी कामगाराला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट पगार नव्हती. ती होती ‘पर्मनंट’ हा शिक्का. त्यासोबत कॉलनीतले क्वार्टर, कंपनीचे रुग्णालय, मुलांची शाळा, सवलतीचे कँटीन आणि दारापर्यंत येणारी बस. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मार्क होल्मस्ट्रॉम यांनी बंगळुरूच्या कामगारांवर १९७६ साली पुस्तक लिहिले. त्यात संघटित क्षेत्रातली नोकरी एखाद्या किल्ल्यासारखी दिसते: आत शिरलेला सुरक्षित, बाहेरचा उघड्यावर. ज्यांच्या आधीच्या पिढ्या पावसाच्या किंवा मुकादमाच्या मर्जीवर जगल्या, त्यांनी या शिक्क्यासाठी धडपड केली यात स्वभावाचा काय संबंध?

हे कामगार ‘सुरक्षा शोधणारे’ होते असे म्हणून थांबता येत नाही, कारण डिसेंबर १९८० मध्ये याच मंडळींनी संप पुकारला. सार्वजनिक क्षेत्रातले हजारो कामगार सुमारे अडीच महिने पगाराविना बाहेर राहिले. मागणी होती भेल या दुसऱ्या सरकारी कंपनीच्या कामगारांएवढ्या वेतनाची. मालक एकच, भारत सरकार. मग एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार पगार आणि सुरक्षितता नसली तर माणूस नाराज होतो, पण त्या मिळाल्या म्हणून पेटून कामाला लागत नाही. खरी प्रेरणा कामातल्या यशातून आणि कौतुकातून येते. नाराजीपुरता हा सिद्धांत इथे लागू पडतो. पण त्यांच्या १९५९च्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातले दोनशेच्या आसपास अभियंते आणि हिशेबनीस होते, म्हणजे पोटाची चिंता मिटलेली माणसे. त्यांच्या उत्तरांवरून साऱ्या मनुष्यजातीचा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. बंगळुरूच्या संपात पगाराचा आकडा हीच मानाची गोष्ट झाली होती.

इथे आक्षेप येईल, की पुढे याच शहरात धोका पत्करणारी वेगळीच जात उगवली. सात जणांनी दहा हजार रुपयांवर १९८१ साली पुण्यात सुरू केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला आली, १९९३ मध्ये तिने शेअर बाजारात पाऊल टाकले आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांनाही शेअर देऊ केले. ही माणसे जोखीम घेणारी होती हे मान्यच आहे. पण त्यांच्या हाती अभियांत्रिकीची पदवी होती. इथे नाही जमले तर दुसरीकडे नोकरी मिळेल हा विश्वास होता. अनेकांच्या घरी सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातला पगार येत होता. वडिलांच्या ‘पर्मनंट’ने मुलाला शेअरवर विसंबण्याची मुभा दिली, हे यशोगाथा लिहिणारे क्वचितच मोजतात.

याच शहरात पीण्या आणि बोम्मनहळ्ळीच्या कापड शिलाई कारखान्यांत मशीनवर बसणाऱ्या स्त्रिया आहेत. पगार किमान वेतनाच्या आसपास. दरमहा त्यातून भविष्य निर्वाह निधी (पी.एफ.) कापला जातो. नोकरी सोडली की ती रक्कम एकरकमी हाती येई आणि फी, कर्जफेड, लग्नकार्य अशा खर्चांना लागे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम बदलला: मालकाने भरलेला हिस्सा ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. १८ आणि १९ एप्रिलला हजारो कामगार स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेविना रस्त्यावर उतरल्या, होसूर रस्ता अडला आणि सरकारने अधिसूचना मागे घेतली. म्हातारपणाची तजवीज नको म्हणणाऱ्या या बायका अदूरदर्शी आहेत, असा सूर तेव्हा निघाला. तो अन्यायाचा होता. महिन्याच्या मजुरीतून ज्यांना कधीच शिल्लक पडत नाही, त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव गंगाजळी होती, आणि ५८व्या वर्षापर्यंत आपण शिलाईच्या मशीनवर टिकू असे मानायला त्यांना काही आधार नव्हता.

मग व्यक्तीव्यक्तीतला फरक खोटा का? नाही. एकाच शॉपमध्ये एक जण ओव्हरटाइम धरतो, दुसरा युनियनच्या कामाला लागतो, तिसरा संध्याकाळच्या वर्गाला बसून डिप्लोमा काढतो. इथे स्वभावच बोलतो. पण हे तिन्ही रस्ते खुले असतात तेव्हाच तो बोलू शकतो. दिवसाला इतके नग काढायचेच असा रेटा असलेल्या लाइनवर, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना, कामगार स्त्री कशाने प्रेरित होते याची प्रश्नावली भरून घेतली, तर तिच्या उत्तरातून कारखान्याची रीतच जास्त कळेल.